मायनस साडेसात

दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तो एका बाईंच्या चष्म्याचा नंबर काढत होता, तेव्हा बाईंनी अगदी सहज विचारलं, "तुमचा तो व्हिडिओ मी पाहिला हो. त्या मुलीला चष्मा लावल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल?" शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई, नाकावर तपासणीची जड फ्रेम, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता. "माझा चेहरा," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. व्हिडिओत तसंच दिसतं. "भाग्यवान आहात," बाई म्हणाल्या. त्याने हातातली काच फ्रेमच्या खाचेत सरकवली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "हे बरं, की आधीचं बरं?" बाई जरा थांबल्या, मग आपलीच चूक असल्यासारख्या म्हणाल्या, "आता तर काहीच दिसत नाहीये." त्याने काच काढून दिव्याखाली धरली. अधिकच्या जागी उण्याची काच, तीही जबर नंबराची. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. पेटीतली हवी ती काच तो चाचपून उचलायचा. याला झोपेतून उठवलं तरी हा पाव नंबर चुकायचा नाही, असं वडील आल्यागेल्याला सांगायचे. त्याने माफी मागितली, तपासणी पुरी केली, बाईंना दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. तक्त्यावरची अगदी खालची ओळही त्याला लख्ख वाचता येत होती. बाहेर फ्रेम निवडणाऱ्या कुणा नवराबायकोची हुज्जत चालली होती. भाग्यवान हा शब्द कुणीतरी गळ्यात जबरदस्तीने अडकवून गेल्यासारखा वाटत होता.

तो मुळात कुठे जाणारा माणूसच नव्हता. दुकान आणि घर, घर आणि दुकान. वडील गेले त्या वर्षी मात्र त्याला कशानेच बरं वाटेनासं झालं. दिवसभर इवले इवले स्क्रू पिळायचे, नाकावरचे पॅड बदलायचे, "यापेक्षा कमी नाही का होणार?" हे ऐकायचं, आणि आपण मेल्यावर लोक म्हणणार काय, तर चष्मे बरे करायचा. दातांचा डॉक्टर असलेला एक जुना मित्र दर वर्षी एका गटाबरोबर परदेशी जायचा. तिकडे एक अनाथाश्रम, त्याला जोडून शाळा, तीन आठवडे मुलांसाठी काम. कुणी दात तपासतं, कुणी गाणी शिकवतं, कुणी भिंती रंगवतं. "डोळ्यांचं बघणारं कुणी नाही आमच्यात, तू चल," मित्र म्हणाला. बायकोने पाठिंबा दिला. "जाऊन या. दुकान काही पळून जात नाही," ती म्हणाली, आणि त्याची जुनी बॅग माळ्यावरून काढून उन्हातही घातली. जाताना त्याने तपासणीची पेटी, घडीचा तक्ता आणि लहान मुलांच्या फ्रेमांचा डबा घेतला. विमानात खिडकीशी बसल्यावर त्याला जे वाटत होतं त्याला तेव्हा तो सेवा म्हणत होता. खरं म्हणजे कुणीतरी त्याचे मनापासून आभार मानावेत, एवढीच भूक होती, आणि ती गिऱ्हाइकांकडून भागत नव्हती.

आश्रमाच्या लोखंडी फाटकातून गाडी आत शिरली तशी मुलं धावत आली आणि त्याच्या अंगाला झोंबली. एक गळ्यात, दोन हातांना, एक तर पायाला वेटोळं घालून बुटावरच बसलेलं. ओळख ना पाळख, आणि एवढी माया. त्याचे डोळे भरून आले. मित्र म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" पहिले काही दिवस त्या मायेच्या धुंदीतच गेले. मग एका सकाळी गॅसच्या टाक्या घेऊन माणूस आला, तर मुलं तशीच धावली, तशीच त्याच्या गळ्यात पडली, त्याच्या बुटावर बसली. तो माणूस सवयीने त्यांना झटकून टाक्या उतरवत राहिला. त्याच सुमाराला गटातल्या चित्रकला शिकवणाऱ्या मुलीने जेवणघराची भिंत खरवडायला घेतली. निळ्या समुद्राखाली जिराफ निघाला, जिराफाखाली हसरा सूर्य, सूर्याखाली कुणाकुणाच्या हातांचे पंजे. "दर वर्षी हीच भिंत," ती म्हणाली आणि पोपडा हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग दुपारी मुलांनी नवे ब्रश हातात घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदाच रंग बघत असल्यासारखी नाचली. तोही त्यांच्याबरोबर नाचला. मनात आलेली शंका त्याने डोळ्यात गेलेल्या कणासारखी चोळून चोळून घालवली.

मिचमिची त्याला तिथेच, भिंतीपाशी भेटली. हे नाव त्यानेच ठेवलेलं. तिचं खरं नाव त्याच्या जिभेला वळत नव्हतं. आठनऊ वर्षांची असेल. बाकीची मुलं अंगाशी झोंबायची तेव्हा ही मागे राहायची, भिंतीला तळवा लावून चालायची, आणि कुणी बोललं की डोळे बारीक करकरून आवाजाच्या दिशेला बघायची. वर्गात शेवटच्या बाकावर. डोक्याने मंद आहे, असं वर्गातल्या बाईंनी गटाबरोबर असणाऱ्या दुभाषीबाईंकरवी सांगितलं. त्याने तिला तक्त्यापुढे बसवलं. तक्त्यावरच्या आडव्याउभ्या इंग्रजी 'E'ला टेबल म्हणायचं आणि त्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं, एवढाच खेळ. पण तिला टेबलच दिसत नव्हतं, तक्ताही दिसत नव्हता. तो काचा चढवत गेला. मायनस चार, पाच, सहा. साडेसातला तिने बोट उचललं आणि बरोबर दाखवलं. पुढचंही बरोबर. सगळ्यांत खालच्या ओळीपर्यंत एकही चूक नाही. "साडेसात," तो मित्राला म्हणाला. "एवढ्या नंबरात माणसाला आपल्या हातावरच्या रेषा दिसतात, बस. पलीकडे नुसतं धुकं." "म्हणजे साडेसातीच की," मित्र म्हणाला. दोघे हसले.

काचा गावातून घासून यायला वेळ लागला. चष्मा आला त्या दिवशी गटातले सगळे जमले, कुणीतरी फोन सरसावला. त्याने गुडघे टेकून तो तिच्या नाकावर चढवला, काड्या कानामागे सारल्या. ती हलली नाही. मग तिची नजर त्याच्या कपाळावरून खाली उतरत आली, नाकाच्या बाजूच्या तिळावर थांबली, आणि तिने बोट पुढे करून तो तीळ दाबून पाहिला. मग ती हसली. तोंड लपवून, खांदे उडवून, अनावर. टाळ्या झाल्या. दातांचा डॉक्टर रडला. आणि तो, गुडघ्यांवरच, मनात म्हणाला, बाबा, बघा. एवढंच व्हिडिओत आहे. त्यानंतर ती पानं बघत फिरली, मुंग्या बघत बसली, गटातल्या एकेकाचा चेहरा वाचल्यासारखा वाचला, हे कुणी टिपलं नाही. आणि मग ती जिना चढून वरच्या मजल्याच्या खिडकीशी गेली.

तो तेव्हा जिन्यातच होता. रस्त्यापलीकडे बसथांब्याची पत्र्याची शेड होती, आणि तिच्याखाली एक बाई कापडी पिशवी पोटाशी धरून, आश्रमाच्या खिडक्यांकडे तोंड करून उभी होती. उघड, निवांत, कुणी आपल्याला बघत नाही अशा खात्रीने. मिचमिचीच्या तोंडून एक शब्द फुटला. त्याला त्यांच्या भाषेतले दहा शब्दही येत नव्हते, हा कळला. ती जिना उतरताना पडली, उठली, फाटकाला जाऊन भिडली, गजांतून दोन्ही हात बाहेर. फाटकाला कुलूप. पलीकडची बाई आधी गोठल्यासारखी झाली. मग तिने पिशवी वर करून तिच्याआड तोंड लपवलं आणि पाठ फिरवून चालायला लागली, चालता चालता धावायला. मिचमिची तिला कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होती. पहिल्यांदाच एवढ्या लांबचं बघत होती ती.

"हिला आई आहे," तो संस्थाचालकांना म्हणाला. सगळी मुलं त्यांना मोठे बाबा म्हणायची. ते शांत, गोड माणूस होते, इंग्रजी सावकाश बोलायचे. "आहे ना," ते म्हणाले. "बसा. चहा सांगतो. इथल्या निम्म्याअधिक मुलांचं कुणी ना कुणी आहे." "मग अनाथाश्रम का म्हणता?" त्यांनी रागावल्याशिवाय त्याच्याकडे पाहिलं. "गरिबांच्या मुलांचं वसतिगृह म्हटलं असतं, तर तुम्ही आला असतात का? गरिबांची मुलं तुमच्याकडेही असतील." त्याला आपली गल्ली आठवली. दुकानाच्या अगदी समोर पंक्चर काढणाऱ्याची मुलगी होती. तिच्या चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधून कानाला गुंडाळलेला. येता-जाता तो ते बघत होता. कधीतरी बोलावून बसवून देऊ, असं म्हणत होता. "इथे ती जेवते, शाळेत जाते, गादीवर झोपते," मोठे बाबा म्हणाले. "आई बाहेरून बघून जाते. तसं ठरलंय. मुलीला दिसत नव्हतं तोवर सगळं सुरळीत होतं." चहा आला. तो प्याला. चांगला होता.

पुढच्या दिवसांत मिचमिची त्या खिडकीवरून हललीच नाही. जेवायला उठत नव्हती, शाळेत जात नव्हती. चष्मा लावून शेडकडे बघत बसायची. रस्त्याने कुणी पिशवी घेऊन चाललं की ओरडायची. तिचं बघून आणखी दोनतीन लहान मुलं खिडकीशी येऊन बसली. त्यांनाही कुणीतरी होतंच, म्हणजे असावं. गटात कुजबुज सुरू झाली. आपण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला आलेलो नाही, असं एकजण म्हणाला. दातांचा डॉक्टर म्हणाला, "बाबा रे, आपण दोन दिवसांनी जाणार. निस्तरायचं त्यांना आहे." त्या दोन दिवसांतल्या एका दिवशी आश्रमाला मोठ्या देणगीदारांची भेट होती, मुलं गाणं म्हणणार होती. सकाळी मोठे बाबा त्याच्याकडे आले. आवाज तसाच गोड. "ती तुमचं ऐकते. चष्मा जरा काढून घ्या. काच बदलायची आहे म्हणा, काहीही म्हणा. पाहुणे जाऊ देत, पोर शांत होऊ दे, मी स्वतः परत देईन."

वडिलांची एक सवय होती. गिऱ्हाईक कुणीही असो, अगदी तान्हं पोर का असेना, त्याच्या नाकावरचा चष्मा ते विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. "काढू का रे राजा?" म्हणायचे. पोराने मान हलवली तर थांबायचे, गोष्ट सांगायचे, परत विचारायचे. त्याला लहानपणी याचं हसू यायचं. त्या सकाळी तो खिडकीशी गेला, तिच्यापुढे गुडघे टेकले, आणि हाताने पुसल्याची खूण केली. पुसून देतो. सदऱ्याचं टोक धरून दाखवलंही, असं, असं. काचांवर खरंच डाग होते, रडल्याचे, बोटांचे. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी, त्यानेच शिकवलं होतं तसं काड्या धरून, चष्मा काढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. वाट बघत राहिली. डोळे पुन्हा बारीक झाले. तो उठला, जिना उतरला, आणि चष्मा मोठ्या बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो त्यांच्या टेबलामागच्या कपाटात ठेवला. दुपारी ती पाहुण्यांपुढे पहिल्या रांगेत उभी राहून गायली. आवाज गोड होता तिचा. हे आधी कुणाला माहीतच नव्हतं.

निघायच्या दिवशी मुलं फाटकापाशी ओळीने उभी होती. गटातले सगळे एकेकाला कवटाळत होते, रडत होते, परत येऊ म्हणत होते. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती त्याच्या आवाजाकडे कान करून उभी होती. त्याने काही शब्द पुटपुटले. तिने हात पुढे केला, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. काय मागतेय हे न कळायला तो काही खुळा नव्हता. मागे मोठे बाबा उभे होते, कुणीतरी फोटो काढत होतं, गाडीचं इंजिन सुरू होतं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि हलवला, मोठ्या माणसांशी करतात तसा, प्रेमाने. तो फोटोही गटाच्या पुस्तिकेत छापून आला. गाडी वळली तेव्हा सगळी मुलं गाडीकडे बघून हात हलवत होती, आणि ती जिथून त्याचा आवाज शेवटचा ऐकला होता तिथे, रिकाम्या जागेकडे बघून.

तो घरी आला तेव्हा व्हिडिओ त्याच्याआधीच पोचलेला होता. बायकोने नात्यागोत्यात सगळ्यांना धाडला होता. मोठ्या बहिणीने फोनवर रडून सांगितलं, "बाबा असते तर." दुकानात गर्दी वाढली. व्यापारी मंडळाने शाल देऊन सत्कार केला. त्याला बोलायला उभं केलं तर त्याला घाम फुटला, आणि लोक म्हणाले, किती निगर्वी माणूस. त्याने पंक्चरवाल्याच्या मुलीला बोलावून नवा चष्मा दिला. "काढू का बाळा?" असं विचारून तिचा जुना काढला. तिने आनंदाने हो म्हटलं, आणि त्याला तिच्याकडे बघवेना. लाज ही काही एका जागी दुखत नाही, हे त्याला हळूहळू कळत गेलं. तोंड धुताना, पायरी चढताना, कुणाचं सुटं परत करताना ती मधेच कुठूनतरी यायची, कान तापायचे, तोंडून अर्धवट शब्द निघायचा, आणि बायको विचारायची, "काय म्हणालात?" तो म्हणायचा, "काही नाही." आपण चोर नाही, हे त्याला ठाऊक होतं. कुणाला मारलं नाही, कुणाचं लुबाडलं नाही. गोष्ट एवढीशी होती. एका मुलीने आपल्याला पुसायला दिलेलं आपण परत दिलं नाही. एवढीशी होती म्हणूनच ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

आता, वर्ष उलटल्यावर, त्या निवृत्त बाईंनी सहज प्रश्न विचारला आणि हाताला काच चुकली. संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं. बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि तिच्या पुढ्यातली एक जुडी घेऊन निवडू लागला, आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "परक्या देशात तुम्ही तरी काय करणार होतात?" हे त्याने स्वतःला इतक्यांदा म्हटलं होतं की दुसऱ्याच्या तोंडून ते फारच पोकळ ऐकू आलं. तिलाही तसंच वाटलं असावं. ती ताटातल्या देठांकडे बघत म्हणाली, "आणि मी तो व्हिडिओ माहेरच्या सगळ्यांना दाखवला. वहिनीला तर दोनदा." मग दोघांनी उरलेली भाजी निवडली. निवडून झाली तेव्हा तिने ताट बाजूला सारलं. "दिला का त्यांनी परत, एवढं तरी विचारा ना कुणाला. मनात कुढून काय होणार?"

त्याने दुभाषीबाईंना फोन लावला. त्या त्याला विसरल्या नव्हत्या. "ती आता तिथे नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत आई येऊन घेऊन गेली. मोठे बाबा फार रागावले." "आणि चष्मा?" त्याने विचारलं. "ते नाही बाई मला ठाऊक." त्याने फोन ठेवला आणि तसाच दुकानात जाऊन लहान मापाची फ्रेम निवडली. काचा स्वतः घासल्या. साडेसात, दोन्ही डोळे. मुलं वाढतात तसा नंबरही वाढतो, म्हणून आणखी एक जोड पुढच्या नंबराची केली, आणि दोन्ही पुडक्यांवर खुणेला वेगळा दोरा बांधला. मित्राला काही सांगितलं नाही. "कुठे निघालात?" असं शेजाऱ्यांनी विचारल्यावर बायकोनेच सांगितलं, "काम राहिलंय त्यांचं एक."

दुभाषीबाई त्याला घेऊन गेल्या ती एका धुलाईच्या कारखान्यामागची खोली होती. हॉटेलांच्या चादरींचे ढीग, पाइपातून सुटणारी वाफ, ओल्या कापडाचा आंबूस-गरम वास. खोलीत एक पलंग, त्याच्याआड पडदा लावलेला कोपरा, एक टेबल. शेजारून त्याच्यासाठी खुर्ची आणली गेली. आई त्याला ओळखत नव्हती, पण दुभाषीबाईंनी दोन शब्द सांगताच तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. तिच्या गालावर इस्त्रीच्या भाजण्याचा जुना, चकाकणारा डाग होता. मुलगी टेबलाशी बसून रुमालांच्या घड्या घालत होती, नाक कापडाला टेकेल इतकी वाकून, टोकाला टोक बोटांनी जुळवत. उंच झाली होती. तो "बरं आहे ना सगळं?" असं आपल्याच भाषेत म्हणाला, तेव्हा तिची बोटं थांबली. मग पुन्हा घड्या घालू लागली. वर पाहिलं नाही.

आई बोलत होती आणि दुभाषीबाई त्याला सांगत होत्या. तिला दिसत नाही हे ठाऊक होतं म्हणून तर मी तिथे उघड उभी राहायचे. आडोसा कधी शोधलाच नाही. त्या दिवशी तिने मला हाक मारली आणि मी पळाले. माझं पोर मला हाक मारतंय आणि मी पळाले. मला वाटलं, मोठ्या बाबांनी पाहिलं तर तिला काढतील. मग घरी बसवेना. आणलं तिला. शाळा गेली, काय करणार. चष्मा तिथेच राहिला, मागायला तोंड कुठे होतं मला, मीच तिला कुणी नाही असं लिहून दिलेलं. "तुम्ही परके," आई म्हणाली, "तुम्ही तिला डोळे दिलेत. आणि मी आई." एवढं बोलून ती रडू लागली. त्याने तोंड उघडलं. काय बोलायचं ते वाटेत ठरवून आला होता, साधं कबुलीचं वाक्य होतं, दुभाषीबाईंना अडचण येऊ नये असं. पण समोर ही बाई स्वतःला इतकी खाली ओढत होती, आणि तिने त्याला ज्या उंचीवर बसवलं होतं तिथून उतरून तिच्याजवळ यायला त्याला जमेना. "असं म्हणू नका," तो म्हणाला. "तुमची काही चूक नाही." हे दुभाषीबाईंनी सांगितल्यावर आईने पुन्हा त्याचे हात धरले. टेबलाशी एक रुमाल दोनदा उलगडला गेला आणि दोनदा घडी झाला.

त्याने पुडकं टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला. आईनेच चष्मा काढून मुलीच्या नाकावर चढवला. मुलगी क्षणभर डोळे मिटून होती. मग उघडून तिने आईकडे पाहिलं. पाहत राहिली. बोट पुढे करून गालावरचा तो चकाकणारा डाग हळूच चाचपला, जणू तो आहे हे हाताला ठाऊक होतं आणि आता डोळ्यांना विचारत होती. आईला हसू आलं, रडता रडताच. मुलगी मग खिडकीबाहेरच्या दोऱ्या बघू लागली, चादरी, पलीकडच्या भिंतीवरची पाल, आपल्याच घड्यांची वाकडी टोकं. खोलीत जे होतं ते सगळं तिने बघून घेतलं. फक्त खुर्चीकडे तिची नजर वळली नाही. त्याला ते ठीक वाटलं. तेवढं तरी तिचं तिने ठेवावं, असं वाटलं. दुसरं पुडकं त्याने आईला दिलं, पुढे लागेल म्हणून, आणि उठला.

"निघताहेत ते. हात दे," आई मुलीला म्हणाली. मुलगी उठली आणि पलंगाआडच्या पडद्यामागे गेली. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग कडी लागल्याचा. ती बाहेर आली ती टेबलाच्या कडेला हात लावत, पाय अंदाजाने टाकत. नाकावर काही नव्हतं. डोळे बारीक केलेले, दोन्ही हात मोकळे. त्याच्यापासून जरा लांबच थांबून तिने एक हात पुढे केला, मोठ्या माणसांशी करतात तसा. आईला हसू आवरेना. तिने मुलीच्या डोक्यावर टपली मारली आणि काहीतरी म्हणाली.

"लाजते म्हणतेय," दुभाषीबाईंनी सांगितलं. "चष्मा नवा आहे ना, म्हणून."

"हो," तो म्हणाला, आणि पुढे होऊन त्याने तो हात हातात घेतला. मुलगी त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला, हवेत बघून हसत होती.